पुसणारा जोतीराम

महाद्वार रोडच्या एका बोळात, जिन्याखालच्या खिडकीशी पाठ वाकवून बसलेला माणूस दिसला की तो जोतीराम समजायचा. समोर उतरतं लाकडी खोकं, त्यात दुधी काच, काचेखाली उजेड वर फेकणारा आरसा, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक केलेली पेन्सिल. यज्ञेश्वर मालकांच्या फोटो स्टुडिओत तो निगेटिव्हवर काम करायचा. पाटीवर त्या कामाला इंग्रजी नाव होतं. आमच्या गावात त्याला सरळ 'पुसणारा' म्हणत. कुणी विचारलं, जोत्या शहरात काय करतो, तर उत्तर ठरलेलं, तोंडं पुसतो.

मी त्याच्या भावकीतला. बाजाराला आलो की त्याच्याजवळ घटकाभर टेकायचो. त्याचा हात मी लहानपणापासून बघत आलो होतो. बेंदराला गावातल्या निम्म्या बैलांची शिंगं हाच रंगवायचा, आणि बैल मान हलवत असला तरी रेघ वाकडी जायची नाही. तो हात बघूनच मालकांनी त्याला ठेवून घेतला.

निगेटिव्ह म्हणजे काचेची पट्टी, तिच्यावर सगळा उलटा कारभार. केस पांढरे, दात काळे, बाई म्हणजे गावाबाहेरच्या वडावरनं उतरल्यासारखी. चेहऱ्यावर खड्डा असला, डाग असला, तर तिथं काचेत बारीक मोकळा ठिपका दिसतो. तो पेन्सिलीनं भरला की कागदावर डाग नाहीसा. ऐकायला सोपं, पण जोर कमी पडला तर डाग उरतो, जास्त झाला तर गाल सुजतो. जोतीरामनं जुन्या काचा खरडून खरडून हे शिकून घेतलं होतं. साठ सालानंतर तर असं झालं, की मुलीचा फोटो काढायचा म्हटलं की लोक मालकांचं नाव घ्यायचे, आणि मालकांचं नाव म्हणजे खिडकीतली ही पेन्सिल.

कारण फोटो काढायचा तो बहुतेक लग्नासाठी. फोटो आधी मध्यस्थाच्या खिशातनं हिंडायचा, पसंत पडला तर मग पाहुणे बघायला यायचे. मालकांचा दंडक होता, आपल्या दुकानातनं बाहेर जाणाऱ्या मुलीच्या तोंडावर माशी बसल्याएवढाही डाग दिसता कामा नये. आणि गिऱ्हाइकाचं म्हणणंही तेच. पोरगी फोटो हातात घ्यायची, लाजायची, आई म्हणायची, बया, ही आमचीच व्हय? जोतीरामला एवढी पावती पुरायची. कधीमधी चांगलं साधलेलं काम तो घरी नेऊन बायकोला दाखवायचा. बनाबाई चुलीम्होरनं मान वर न करता म्हणायची, बरं हाय. त्यानं एकदा मुद्दाम एका मामलेदाराचा फोटो दाखवला, मिश्यांसकट. तेव्हाही ती बरं हाय म्हणाली. तेव्हापासून त्यानं तिला विचारणं सोडलं.

अडुसष्ट-एकोणसत्तर सालची गोष्ट असेल. सकाळी दुकान उघडून मालक देवाला उदबत्ती ओवाळत होते. एवढ्यात दुधाची मोकळी किटली हातात घेऊन एक पोरगी आत आली. बावड्याच्या गणपतरावांची विमला. गणपतरावांच्या म्हशी होत्या, या भागातला दुधाचा रतीब विमला घालायची. बापानं तिला सांगितलं होतं, तुझ्या फोटोच्या सगळ्या प्रती लोकांनी गिळल्या, येताना आणखी दोन-तीन सांगून ये. तिनं मालकांना काहीच सांगितलं नाही. सरळ खिडकीकडं गेली.

"तुम्हीच व्हय पुसणारं?"

जोतीरामनं भिंग काढून वर बघितलं. पोरीच्या दोन्ही गालांवर देवीचे वण होते. डाव्या गालावर जास्त, नाकाच्या बाजूला थोडे, एक भुवई तुटलेली. त्यानं वरनं खाली बघितलं, आणि त्याला तिचा फोटो आठवला. चेहरा आठवला नाही, फोटो आठवला.

"व्हय. का?"

"माझ्या तोंडावरचं तुम्ही पुसलंसा. त्ये परत घाला."

आमच्याकडं बायाही 'आलो, गेलो' असंच बोलतात, बाहेरच्या माणसानं दचकू नये. विमला म्हणाली, "मी चहा-पोहं घेऊन जातो आणि पावणं माझ्याकडं न्हाय, माझ्या मागं बघत्यात. फोटोतली कवा येणार म्हणून."

मग तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आलेले पाहुणे खिशातनं फोटो काढायचे, तिच्याकडं बघायचे, परत फोटोकडं बघायचे. कुणी पोहे खाऊन कळवतो म्हणून जायचे, कुणी न खाताच. शेवटी जे आले त्यांच्यातली नवऱ्या मुलाची आत्या सरळ मनाची निघाली. तिनं विमलाच्या हातातनं बशी घेतली आणि म्हणाली, फोटोतली थोरली वाटतं, तिला बोलवा की. घरात थोरली कुणी नव्हतीच. पाहुणे गेल्यावर गणपतरावांनी पडवीत बसून सांगून टाकलं, आता एकच खेप. जमलं तर जमलं, नाहीतर चंदगडकडच्या बिजवराला होकार कळवतो. त्या बिजवराची पोरं विमलाच्या खांद्याला लागत होती.

"मला फोटोत माझं तोंड पायजे," विमला म्हणाली. "बघून ज्येला यायचं न्हाय, त्यो आपल्या घरात बसंल. ज्यो येईल, त्यो म्हाईत असून येईल."

मालकांनी उदबत्ती खोचली आणि मधे पडले. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला समजावून सांगितलं, की अगं, फोटोचं काम पाहुण्यांना दारापर्यंत आणायचं. पुढं तुझं नशीब. आम्हीच डाग दाखवायला लागलो तर दारात कुत्रं येणार नाही. विमलानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, कुत्र्याला पोहे करावे लागत नाहीत, काका. मालकांनी हात झटकले. जोतीरामला म्हणाले, काय करायचं ते तुझ्या जेवायच्या सुट्टीत कर, आणि मागं दुकानाचा शिक्का मारू नकोस.

जोतीरामला वाटलं, यात करायचं काय आहे, केलेलं काढायचं. दुपारी त्यानं विमलाची निगेटिव्ह शोधली, कापसाला टर्पेंटाईन लावून सगळी पेन्सिल पुसून काढली आणि एक प्रत छापली. दुसऱ्या दिवशी विमला रतीब घालून आली. दुकानात गिऱ्हाइकांनी भांग पाडायला आरसा टांगलेला होता. तिनं फोटो गालाशी धरला आणि आरशात बघितलं.

"ही म्हातारी कोण?"

जोतीराम म्हणाला, तूच. मी पेन्सिल लावलेली नाही. कॅमेऱ्यानं बघितलं ते हे.

"मग कॅमेऱ्याला दिसत न्हाय. माझं एवढं न्हाय."

जोतीरामला हसू आलं. सगळ्या पोरी असंच म्हणतात, हिच्यात आणि त्यांच्यात फरक तो काय. पण तो आरशाजवळ गेला, आणि बघितलं तर पोरगी खरंच बोलत होती. मालकांचा दिवा डाव्या बाजूनं, खालच्या अंगानं लावलेला असायचा. नाक धारदार दिसावं म्हणून. त्या उजेडात प्रत्येक वणाला सावली पडली होती आणि गाल पावसानं धुपलेल्या भिंतीसारखा दिसत होता. जोतीराम मला पुढं म्हणाला, एवढी वर्षं मी समजत होतो, मी हात लावला की खोटं, न लावला की खरं. तर तिकडं दिवाच खोटं बोलून बसलेला.

म्हणजे वण ठेवायचे तेही पेन्सिलीनंच.

त्यानं दुसरी प्रत केली. या खेपेला जपून हात चालवला. बारीकसारीक बुजवलं, आणि डाव्या गालावर दोन आणि ओठाशी एक, असे तीन वण ठेवले. पण इतक्या वर्षांची सवय बोटांत बसलेली. ठेवले तेही त्यानं गोल केले, कडा मऊ केल्या, ओठाजवळचा तर असा जमला की मालकही म्हणाले, वा, ही तर नटीसारखी दिसती. जोतीराम खूश होऊन तिची वाट बघत बसला.

विमलानं फोटो बघितला आणि किटली खाली ठेवली.

"मामा, देवी काय तीळ घेऊन येती व्हय?"

जोतीरामला ते लागलं. तो म्हणाला, एवढं बारीक काम गावात दुसऱ्या कुणाला जमणार नाही. ती म्हणाली, काम बारीक आहे, पण गाल माझा नाही. "पयल्यांदा मला पुसलंसा. मग म्हातारी केलंसा. आता नटवायला लागलासा. मी कवा येणार ह्यात?"

त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही. खरी गोम त्याच्या ध्यानात आली होती. तिच्या गालावर वण कुठं आणि कसे आहेत, हे त्याला ठाऊकच नव्हतं. हजारो तोंडं त्यानं हाताखालनं घातली होती, पण सगळी काचेवर, उलटी, भिंगातनं. जित्या माणसाचं तोंड त्यानं न्याहाळलं नव्हतं. आणि न्याहाळायचं कसं? परकी, लग्नाची पोरगी, दुकान रस्त्यावरचं. पुरुषमाणूस तिच्या तोंडाकडं टक लावून बसलेला कुणी बघितला असता, तर बावड्यापर्यंत बातमी तिच्या किटलीच्या आधी पोचली असती.

त्यानं बनाबाईला बोलावलं. बनाबाई सुपात शेंगा घेऊन आली, दुकानाच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली आणि फोडायला लागली. आता रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, बाया बोलत बसल्यात. विमलाला उजेडाकडं तोंड करून स्टुलावर बसवलं. जोतीराम आत, तिच्यासमोर, भिंग न लावता. आधी त्याला नजर वर करवेना. मग बघायला लागला तो बघतच राहिला. वण गोल नव्हतेच. काही लांबट, काही एकात एक मिसळलेले, काही नुसते उजेड फिरला की दिसणारे. हसली की डाव्या गालावरचे जवळजवळ दिसेनासे व्हायचे, आणि तुटकी भुवई वर जायची.

बनाबाई शेंग फोडता फोडता म्हणाली, "बघा, बघा. मला कवा एवढं बघितलं न्हाईसा."

विमला फस्सकन हसली. जोतीराम म्हणाला, हं, आता हलू नकोस, आणि कागदावर शिसपेन्सिलीनं गालाचा नकाशाच काढायला लागला.

तिसऱ्या प्रतीला त्याला आठवडा गेला. दुसऱ्या पोरींची कामं तुंबली, मालक कुरकुरले. या पोरीची एक जागा भरायची तर आधी तो कागद बघायचा, मग थोडं भरायचा, मग छापून बघायचा, जास्त झालं तर पुसून पुन्हा. डाग घालवायला त्याला घटका पुरायची. डाग आहे तेवढाच ठेवायला दम निघत होता. तो म्हणायचा, पुसताना थांबायचं कुठं हे डोक्यात येतच नव्हतं, सगळं जाईस्तोवर पुसायचं. हिच्यावेळी दर ठिपक्याला थांबायला लागलं.

विमलानं ती प्रत आरशाशी धरली. मग फोटो, त्या दिवशीही उंबऱ्यावर येऊन बसलेल्या बनाबाईकडं नेला. बनाबाईनं हात पदराला पुसले, एकदा फोटो बघितला, एकदा पोरगी बघितली.

"हं," ती म्हणाली. "हीच."

जोतीराम मला सांगताना म्हणाला, तिचं ते 'बरं हाय' मी इतकी वर्षं ऐकलं, पण ती बघून बोलते का न बघता, ते मला त्या दिवशी कळलं.

विमलानं तिच्यासारख्याच तीन प्रती छापून घेतल्या आणि बापाच्या हातात दिल्या. गणपतरावांनी न बघताच त्या मध्यस्थाला दिल्या. फोटोत बघायचं काय, असा त्यांचा हिशेब. एक फोटो आठ दिवसांत परत आला, निरोपासकट. दुसरा निरोपाशिवाय आला. तेव्हा मध्यस्थानं गणपतरावांना बाजूला घेऊन विचारलं, की अण्णा, पोरीचा असला फोटो कुणी काढला, वैऱ्यानं? गणपतरावांनी तेव्हा फोटो पहिल्यांदा नीट बघितला. आणि तसेच पटका सावरत दुकानात आले.

त्यांचा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत गेला. पोरीचं वाटोळं केलंसा, बिजवर पण आता न्हाय म्हणंल, असलं बरंच. मालकांनी जोतीरामकडं बोट दाखवलं आणि आत निघून गेले. जोतीराम खाली मान घालून ऐकत होता. मनात तोही धास्तावला होता, कारण परत आलेल्या फोटोंतलं तोंड त्यानंच घडवलं होतं. पोरीनं मागितलं हे खरं, पण उद्या ती चंदगडच्या पावसात परक्याची पोरं सांभाळत बसली, तर मागितलं म्हणून दिलं हे सांगून झोप लागणार होती थोडीच. विमला दुसऱ्या दिवशी आली तेव्हा त्यानं तिला तसं म्हणूनही दाखवलं. अजून वेळ गेली नाही, पहिल्यासारखा करून देतो.

विमला म्हणाली, "दोन फोटो परत आलं, मामा. दोन खेपा पोहं वाचलं. मला कुणी वरखाली बघितलं न्हाय. ऱ्हाऊ द्या हाय तसं."

तिसरा फोटो कबनूरला गेला होता. धोंडुबाई म्हणून विधवा बाई, तिचा मुलगा बाळासो इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात कामाला. महिना झाला तरी फोटो परत येईना. मध्यस्थ म्हणाला, हरवला असेल. आणि एक दिवस कुणाला न कळवता मायलेक एस्टीनं येऊन बावड्यात दारात उभी राहिली. विमला शेण भरत होती. हात धुवायला तेवढी सवड मिळाली, पोह्याचं तर नावच नाही.

हे सगळं विमलानंच नंतर दुकानात बसून सांगितलं. धोंडुबाईनं पानाच्या चंचीतनं फोटो काढला. गणपतराव खाली बघायला लागले. म्हातारीनं फोटो बघितला, विमलाला बघितलं, आणि फोटो परत चंचीत टाकला. बोलली एवढंच, की फोटोतल्यागतच हाय. त्यानंतर तोंडाचा विषय निघाला नाही. तिला दुसऱ्याच चिंता होत्या. पोराची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, अवेळी भाकरी थापायची तयारी आहे का. म्हैस अंगावर आली तर पळतीस का उभी राहतीस. विमला म्हणाली, उभी राहतो. बाळासो तोवर म्हशीकडंच बघत होता. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

लग्न वैशाखात झालं. जोतीराम आणि बनाबाई जेवायला गेलेले. माझ्या मते गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, आणि जोतीरामलाही तसंच वाटत होतं. तो दुकानात सांगायला लागला, पोरींनो, असाच ठेवू या का फोटो, हाय तसा? पोरी आयांकडं बघायच्या आणि आया मालकांकडं. एकीनंही व्हय म्हटलं नाही. त्याची पेन्सिल पुन्हा पहिल्यासारखी पुसायला लागली.

पावसाळा सरत आला तेव्हा विमला आणि बाळासो जोडीनं फोटो काढायला आले. बाळासोनं टेरिलिनचा शर्ट घातला होता, घड्याळ दिसावं म्हणून हात पुढं ठेवला होता. फोटो झाला. जोतीरामनं मनात ठरवून टाकलं होतं, की आता या चेहऱ्याला कुणाला विचारायची गरज नाही, नकाशा पाठ आहे. एवढ्यात बाळासो खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, हिच्या तोंडावरचं तेवढं साफ करून टाका.

जोतीरामनं विमलाकडं बघितलं. आता भांडण होतं की काय, असं त्याला वाटलं.

"करा की," विमला म्हणाली.

"अगं, तूच तर मला..."

"तवा परक्यांनी बघून यायचं हुतं. आता ह्यो आमच्या घरात भिंतीला लागणार. खरं बघायला घरात आरसा हाय, हे हाईत." नवऱ्याकडं तिनं मान उडवली. "भिंतीवर जरा बरं दिसलं तर कुणाचं काय जातंय?"

जोतीरामला आधी राग आला. एक आठवडा खपून त्यानं जे केलं, ते या पोरीला नुसतं कामापुरतं हवं होतं, असं त्याला वाटलं. रात्री त्यानं बनाबाईला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, फोटो तिचा, तोंड तिचं, तुम्हाला त्यात कुणी बसवलं? दुसऱ्या दिवशी बसून त्यानं सगळं साफ केलं. हात जड चालला, असं तो म्हणाला, पण एक ठिपका ठेवला नाही.

आठवड्यानं जोडी फोटो न्यायला आली. बाळासो बघून हरखला. मालकही चष्मा वर करून बघायला आले. विमलानं फोटो उजेडात धरला, आडवा केला, उभा केला, आणि म्हणाली, "माझं झ्याक केलंसा, मामा. पण ह्यांचं नाक बसकं हाय, त्येचं काईच केलं न्हाईसा?"

मालक मोठ्यानं हसले. बाळासोचा हात आपसूक नाकावर गेला. जोतीरामनं फोटो तिच्या हातातनं परत घेतला, भिंग डोळ्याला लावलं, पेन्सिल उचलली.

"किती उचलू, पावणं?" त्यानं बाळासोला विचारलं.

बाळासो बायकोकडं बघायला लागला.